ताम्रपट आणि त्यांच्यामागची माणसे



२०११ साली जॉर्डन देशातून एक बातमी आली आणि जगभर गाजली. शिशाच्या लहान लहान पानांची, कड्यांनी बांधलेली अशी पुष्कळ पुस्तके सापडली असून ती ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळातील आहेत, असे ती पुढे आणणारे सांगत होते. ऑक्सफर्डचे पीटर थोनमन यांनी त्या सुमारास अशाच एका धातूच्या पत्र्यावरील ग्रीक अक्षरे तपासली. ती अम्मानच्या संग्रहालयातील, इसवी सन १०८-०९ मधील एका थडग्याच्या दगडावरून अर्थ न समजता उतरून घेतलेली आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. पुस्तकांचे पाठीराखे मात्र हटले नाहीत. त्यांनी अभ्यासमंडळ काढले, धातूची परीक्षा करविली आणि शिसे जुने आहे असे जाहीर केले. आता शिसे जुने असले म्हणजे त्यावरची अक्षरेही जुनी ठरतात काय? जुन्या घराचे पत्रे वितळवूनही नवे पुस्तक करता येते.

ही हकीकत वाचून आम्हांला हसू आले नाही, उलट आमच्याच वऱ्हाडाची आठवण झाली. धातूच्या पोथ्या आपल्याकडेही आहेत. ताम्रपट म्हणजे दुसरे काय? तांब्याचे पत्रे ठोकून सारखे करावयाचे, त्यांवर अक्षरे कोरावयाची, एका बाजूस भोक पाडून सगळे पत्रे एका कड्यात ओवावयाचे आणि कड्याच्या सांध्यावर राजाची मुद्रा बसवावयाची. बाहेरची अंगे बहुधा कोरी ठेवीत, म्हणजे घासून अक्षरे जाऊ नयेत. ज्याला गाव किंवा शेत दान मिळाले त्याच्या घरचा तो दस्तऐवज. आणि जेथे दस्तऐवज आहे तेथे बनावट दस्तऐवजही असावयाचाच! सारामाफीची जमीन नातवंडा-पतवंडांच्या हाती टिकावी म्हणून खोटे पट कोरणारे लोक पूर्वीही होते. फ्लीटसाहेबांनी १९०१ साली अशा संशयित लेखांची यादीच छापली होती.

हे पट वाचले कोणी? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला फार मनोरम वाटते. सरकारी अधिकारी होते, नाही असे नाही. मध्यप्रांतातील लेखांची सूची करणारे कटनीचे रायबहादूर हिरालाल अधिकारीच होते. परंतु वऱ्हाडात हे काम प्रामुख्याने वकील, शास्त्री आणि मास्तर यांनी केले. आपल्याच बुलढाण्याचे यादव माधव काळे हे पेशाने वकील. त्यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे हेही वकीलच. महानुभावांच्या पोथ्या हा त्यांचा मुख्य विषय, पण ताम्रपट हाती आला की तोही ते सोडीत नसत. नागपूरला मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकविणारे वासुदेव विष्णु मिराशी हे मूळचे कोकणातील कुवळ्याचे. पुढे वाकाटकांचे लेख संपादून त्यांनी १९६३ साली मोठा ग्रंथ सिद्ध केला. १९३४ पासून नागपुरात संशोधन मंडळाचे काम चालत आले, त्याच्यामागे अशीच मंडळी होती. दिवसा कोर्ट किंवा कॉलेज आणि रात्री कंदिलाशी ताम्रपट!

१९३९ साली मेहकरच्या पलीकडे, आपल्या शेजारच्या वाशिमला, पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्यामुळे चार पत्र्यांचा एक ताम्रपट उजेडात आला. देशपांडे आणि प्रा. महाजन यांनी तो त्याच वर्षी इतिहास परिषदेपुढे ठेवला, नंतर मिराशींनी त्याचे संपादन केले. वत्सगुल्माहून, म्हणजे वाशिमहूनच, राजा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी अथर्ववेदी ब्राह्मणांना गाव दिल्याचे हे शासन आहे. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. या राजाचा बाप सर्वसेन. हे एक नाव कळले आणि वाकाटकांची वाशिमची निराळी शाखा होती हे निश्चित झाले. आता आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेकडे अजिंठ्याला चला. तेथील सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर लेख आहे. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी यांनी तो प्रथम वाचला, पुढे ब्यूलरनेही वाचला, पण सर्वसेनाचे नाव कोणालाच नीट लागले नव्हते. वाशिमचा पट हाती घेऊन मिराशी त्या भिंतीपाशी गेले तेव्हा ते लागले. ज्या विद्वानांना ते लागले नाही ते काही लहान नव्हते. त्यांच्याजवळ वाशिमचे चार पत्रे नव्हते इतकेच.

ही झाली खऱ्या पटाची गोष्ट. वादाची गोष्ट याहून बोधक आहे. बैतूल जिल्ह्यातील तिवरखेडचा एक ताम्रपट हिरालालांनी प्रसिद्ध केला होता. राजा राष्ट्रकूट नन्नराज, शक ५५३. त्याच भागातील मुलताईचा पट फ्लीटने आधीच छापला होता, त्यात शक ६३१ आहे. फ्लीटने राजाचे नाव नंदराज वाचले होते, त्यामुळे हे दोघे निराळे समजण्यास जागा होती. पुढे अकोला जिल्ह्यातील सांगळूद येथे तिसरा पट मिळाला. देशपांड्यांनी तो वाचला. त्यातही नन्नराज, आणि शक ६१५! आता हिशेब करा. तिवरखेड आणि मुलताई यांत ७८ वर्षे. एकच राजा इतकी वर्षे दाने देत बसला असेल काय? मिराशींनी सांगितले की तिवरखेडचा पट बनावट मानावा लागेल.

हिरालालांचा अधिकार मोठा, त्यांचे वाचन छापून वर्षे लोटलेली. तरी हा वाद शिवीगाळीवर गेला नाही. याचे कारण आम्हांला असे दिसते की या मंडळींनी पटांचे ठसे छापले होते. ज्याला शंका असेल त्याने अक्षरे स्वतः पाहावीत, तिथी-वार पंचांगाशी ताडून पाहावेत, सीमेवरची गावे नकाशात शोधावीत. जॉर्डनच्या पुस्तकांची चार चित्रे पुढे आली आणि बाकीचा माल पडद्याआड राहिला, तेथेच घोडे अडले. दुसरे असे की, बनावट ठरलेला तिवरखेडचा पटही कोणी मोडीत घातला नाही. खोटा पट कोणी, कशासाठी केला, हाही इतिहासच.

मोडीवरून आठवले. शेतात तांब्याचे पत्रे निघाले की आजही पुष्कळांना प्रथम पोलीस आठवतो आणि मग तांबट. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरच्या पुरलेल्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते हे खरे. पण सरकारने तो घ्यावयाचे ठरविले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो, हे कोणी सांगत नाही.

मागे मेहकरकडच्या एका गृहस्थांनी आम्हांला निरोप धाडला. घरी यादव राजाने दिलेला ताम्रपट आहे, पाहून जा. आम्ही दोघेतिघे गेलो. पट देवघरात, हळदकुंकू वाहिलेला. तीन ओळी वाचतो न वाचतो तोच ‘जिल्हा’ हा शब्द आला! रामचंद्रदेव यादवाच्या शासनात हा अरबीतून आलेला शब्द कोठून यावा? अक्षरांचे वळणही आजच्या छापखान्याचे. वडिलांनी तो फिरत्या विक्रेत्याकडून भारी किंमत देऊन घेतला होता, असे मागाहून कळले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. शेवटी आमच्यातल्या वडीलधाऱ्या सोबत्यांनी स्पष्टच सांगितले, ‘दादा, हा नवा आहे.’

गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या आईने चहा आणला, तोही निवत चालला. मग ते उठले, माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी खाली काढली आणि म्हणाले, ‘मग हे तरी पाहा.’ पेटीत मोडी कागदांचे रुमाल होते. दोन कसरीने खाल्लेले, बाकीचे शाबूत. त्यांतला एक आम्ही तेथेच सोडला. वरच्याच कागदावर गावच्या पाटीलकीचा तंटा निघाला. उरलेले अजून वाचून व्हावयाचे आहेत, आणि मोडी येणारी माणसे आमच्यात दोनच आहेत.