मातीवाचून वाढणारी मुळे

वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे क्षेत्र म्हणून सर्वश्रुत आहे. मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी राहिली आहे, या श्रद्धेने श्वेतांबर व दिगंबर अशा उभय पंथांचे यात्रेकरू तेथे येतात. यांपैकी पुष्कळांच्या ताटात कांदा, बटाटा, मुळा यांना मज्जाव असतो. कंदात अनंत जीवांचा वास असतो, आणि तो उपटला की झाडही जाते, असा त्यामागील विचार. पहिल्या कारणाविषयी कोणाचे काही मत असो. दुसरे कारण औषधी वनस्पतींच्या व्यवहारात अक्षरशः खरे ठरले आहे. पान खुडले तर पुन्हा फुटते. मूळ खणून नेले की बहुधा वनस्पतीच संपते.

सर्पगंधेचेच उदाहरण घ्यावे. वैद्य शतकानुशतके तिची मुळी देत आले होते. १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तीतून अजमलीन हे द्रव्य वेगळे करून त्यास हकीम अजमलखानांचे नाव दिले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हा आपला अनुभव विलायतेतील हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती तीतील रेसर्पिन आले. मग मागणी अशी वाढली की राने खणली जाऊ लागली, आणि १९६९ मध्ये भारत सरकारला या मुळांची निर्यात बंद करावी लागली.

तेव्हा झाड न मारता मूळ मिळेल काय? याचे उत्तर मातीतीलच एका जंतूने सुचविले. ॲग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजेनीस हे त्याचे नाव. वनस्पतीस जखम झाली की हा जंतू आपल्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा तिच्या पेशीत घुसवितो. पेशी त्या हुकमाची ताबेदार होते, आणि जखमेतून केसांसारख्या बारीक मुळांचा झुबका फुटतो. ही मुळे कापून साखर व क्षार यांच्या द्रावणात ठेवली, की खोड, पान वा माती यांपैकी काहीही नसता ती वाढत राहतात. वाढीसाठी वेगळी संप्रेरकेही घालावी लागत नाहीत. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील बेंजामिन, रोजा व हेबळे यांनी १९९३ साली सर्पगंधेवर हाच प्रयोग प्रसिद्ध केला. तीत मुळे फुटली, मुळांत औषधी अल्कलॉइडे तयार झाली, आणि त्यांपासून पुन्हा सबंध रोपेही उभी राहिली. (कुपीतील मूळही जिवंतच, हे मात्र विसरता येत नाही, जैन दृष्टीने प्रश्न सुटला असे म्हणणे धाडसाचे होईल.)

कुपीत जे साधते ते कारखान्यात सहज साधत नाही. मुळे एकमेकांत गुंततात, गुंत्याच्या पोटी प्राणवायू पोहोचत नाही, आणि एखादा परका जंतू शिरला तर सारी टाकी फुकट जाते. कोरियात जिनसेंगची मुळे हजारो लिटरच्या टाक्यांत वाढवितात. पण तेथे मालाला भाव आहे. स्वस्त मुळीला हा थाट परवडणे कठीण.

मुळांची एक गोष्ट मात्र निर्धास्त करणारी आहे. बंद कुपीतील मूळ फुलत नाही, तेव्हा त्याचा पराग बाहेर जात नाही. गवतांचे तसे नव्हे. अमेरिकेतील ऑरेगन प्रांतात तणनाशकास दाद न देणारे, जनुके बदललेले बेंटग्रास हे गवत गोल्फच्या मैदानांसाठी लावून पाहिले होते. त्याच्या परागापासून सुमारे २१ किलोमीटर अंतरावर बी धरल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्वारी, भात, ऊस, वेळू ही सारी गवताच्याच कुळातली. वऱ्हाडाने २००२ पासून बीटी कापूस पाहिला आहे; परंतु कापसाचा पराग जड व चिकट असतो, गवताचा वाऱ्यावर स्वार होतो. एकास दिलेला परवाना दुसऱ्यास तसाच लागू करणे शहाणपणाचे नाही.

शिवाय कुपीत मुळे धरावयाची तर आरंभी एक जिवंत सर्पगंधा हवीच. एका झाडापासून निघालेली मुळे त्या एकाचीच नक्कल. रानातील शेकडो झाडांतले कमीअधिक गुण तीत येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळा कितीही पुढे गेली तरी रानातील झाडे राखण्याचे काम तिच्यावर सोपविता येत नाही.