संगणक आणि राऊटर : दोष शोधण्याची रीत



नागपूरच्या दक्षिणेस शिवणगाव, खापरी, तेल्हारा या गावांच्या जमिनींवर मिहान प्रकल्प उभा राहिला. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे त्याचे काम सोपविण्यात आले. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि संगणकावरील पुष्कळ कामे कचेरीतून घरात आली. त्याच वर्षी २४ एप्रिलला ई-ग्रामस्वराज सुरू झाल्याने ग्रामपंचायतीचा हिशेबही जाळ्यावर गेला. अशा वेळी राऊटर चालू असून संगणक जोडला जात नसेल, तर कोणाची हजेरी बुडते, कोणाचे देयक अडते.

प्रथम दुसऱ्या यंत्रावर पडताळा घ्यावा. त्याच राऊटरवर भ्रमणध्वनी चालत असेल, तर दोष बहुधा संगणकाकडे आहे. काहीच चालत नसेल आणि पेटीवर 'लॉस' हा तांबडा दिवा लागला असेल, तर तंतूतून प्रकाश पोचत नाही, असे समजावे. तेथे परवलीचा शब्द पुन्हापुन्हा टाकून उपयोग नाही. तार दुरुस्त करणाऱ्यालाच बोलवावे लागते.

संगणकाचा पत्ता पाहणे ही सर्वांत उपयुक्त खूण. राऊटर प्रत्येक यंत्राला क्रमांक वाटून देतो. घरोघरी तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. त्याऐवजी १६९.२५४ दिसला, तर राऊटरकडून उत्तर न आल्याने संगणकाने स्वतःच क्रमांक घेतला आहे, असा त्याचा अर्थ. राऊटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा, नंतर संगणक. एवढ्याने पुष्कळदा काम भागते.

जाळ्याचे नावच दिसत नसेल, तर जुन्या संगणकाला ५ गिगाहर्ट्झची लहर कळत नसावी, त्याला २.४ ची द्यावी. ती भिंतींतूनही दूरवर जाते. राऊटर मात्र पोलादी कपाटामागे किंवा कूलरच्या पत्र्याआड ठेवू नये. नागपूरचा उन्हाळा माणसांना सोसत नाही, तेथे या पेटीची काय कथा!

राऊटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी खुपसण्याचा मोह मात्र टाळावा. त्याने सेवा पुरविणाऱ्याने भरलेली मांडणी पुसली जाते, आणि एका संगणकाचा दोष साऱ्या घराचा होतो. जोडणीचे नाव व परवलीचा शब्द आधी वहीत उतरून घेतला असेल, तरच हा उपाय करावा, तोही अगदी शेवटी.