विवाह एक, राष्ट्रे दोन

विवाहाने पती-पत्नी एक होतात. परंतु सीमेवरील अधिकारी त्यांस दोन स्वतंत्र व्यक्तीच मानतो. वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी १९३६ साली मेक्सिकोत एका बेल्जियन स्त्रीशी विवाह केला. तथापि स्वदेशी येण्याची अनुज्ञा इंग्रज सरकारने त्यांस नाकारली. मायभूमीचे दर्शन स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली घडले. दार बंद झाले ते परकी पत्नीसाठी नव्हे, तर घरच्याच पुत्रासाठी!

१९१४ च्या ब्रिटिश कायद्यान्वये ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी विवाहानेच ब्रिटिश प्रजा ठरे. १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्यात तसे नाही. केवळ विवाहाने नागरिकत्व मिळत नाही, की जातही नाही. परदेशी पती वा पत्नीस नोंदणीने भारतीय व्हावयाचे, तर अर्जापूर्वी सामान्यतः सात वर्षे येथे वास्तव्य करावे लागते. म्हणून विवाहनोंदणीचा दाखला अशा दांपत्याने मंगळसूत्राइतकाच जपावा.

नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावी एखादी परदेशी सून आली, तर उंबरठ्यावरचे माप ओलांडताच ती घरची होईल. राष्ट्राचा उंबरठा मात्र इतका ठेंगणा नसतो.