पट्टा मिळाला, आता पाणी आणि धान्य
(शिरपूर-चोपडा भागातल्या गावांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



वनहक्काचे दावे आपण भरले. काहींना पट्टे मिळाले, काहींचे अजून लटकले आहेत. ती लढाई सुरूच राहील. पण आज दुसरी गोष्ट बोलायची आहे. ज्यांच्या हातात पट्टा आला, त्यांच्या घरालाही दिवाळीनंतर कुलूप का लागतं?

कारण जमिनीला पाणी नाही. पावसाळ्यात ज्वारी-मका निघतो, तो किती दिवस पुरणार? मग ऊसतोडीला गुजरातकडे जायचं, भोंगऱ्याला परत यायचं. पोरांची शाळा बुडते. मागे राहिलेली म्हातारी माणसं नाल्यातल्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीने हंडा भरतात.

पाऊस कमी पडतो म्हणून हे होतं, असं सांगतात. पण सातपुड्यावर पडलेलं पाणी डोंगराच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतं आणि जमिनीखालून तापीच्या बाजूला सरकतं. रावेर-यावलच्या केळीला ते पाणी लागतं. आमचं केळीवाल्यांशी भांडण नाही. पण ज्या डोंगरावर पाणी पडतं, तिथल्या माणसाला पिण्यापुरतं तरी ते अडवता आलं पाहिजे की नाही?

आपण विहीर मागितली की उत्तर येतं, "वनजमीन आहे, कायद्यात बसत नाही." आम्ही कायदा वाचायला बसलो. 2006 चा वनहक्क कायदा, कलम 3, पोटकलम 2. त्यात 13 सोयी लिहिल्या आहेत. पिण्याच्या पाण्याची योजना आहे, पाइपलाइन आहे, तळं आहे, पावसाचं पाणी अडवायची बांधकामं आहेत. शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकानसुद्धा आहे! म्हणजे हंडा आणि ताट दोन्ही त्या एका कलमात आहेत. पट्ट्याच्या नादात आपण त्याच्याकडे बघितलंच नाही.

अटी तीन आहेत. एका सोयीसाठी जागा 1 हेक्टरपेक्षा कमी हवी. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. मंजुरी उपवनसंरक्षक देतात. त्यांना पटलं नाही तर विषय जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा समितीपुढे जातो. अभयारण्य आहे म्हणूनही घाबरू नका. हा कायदा अभयारण्यातही लागू आहे, यावलचं अभयारण्य धरून.

झाडांची अट आपल्याच भल्याची आहे. जंगल गेलं की झरा गेला. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. तिथे पूर्वी जंगल तुटलेलं होतं, पाण्याचे हाल होते. गावाने स्वतः नियम केले, कुऱ्हाड बंद केली, पाणी अडवलं. सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. विहिरींना पाणी आलं, रानभाज्या परत आल्या. हे काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. गावाने ठरवलं तर होतं, हे त्यातून घ्यायचं. कलम 5 ने ग्रामसभेला तसा अधिकारच दिला आहे: जंगल राखायचा, पाण्याचे स्रोत राखायचा.

आता धान्याचं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो धान्य आपला हक्क आहे, कोणाची मेहरबानी नाही. ऊसतोडीला गेलेल्यांनी कार्डाचा नंबर आणि आधार सोबत न्या, अंगठा लावून दुसऱ्या गावच्या दुकानातही धान्य मिळतं. आणि नुसत्या रेशनवर राहू नका. मोर, बर्टी, राळा यांचं बियाणं ज्या आजीच्या मडक्यात अजून आहे, तिच्याकडून मूठभर घ्या आणि पेरा.

काम काय करायचं ते सांगतो. प्रत्येक पाड्यातल्या बायांनी आधी बसायचं. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हंड्याला किती चालावं लागतं, रेशन दुकान किती लांब आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत आहे? त्यांनी सांगायचं, शिकलेल्या पोरांनी लिहायचं. मग जागा दाखवायची, मोजायची, झाडं मोजायची. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हजर पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बाया. सह्या-अंगठे घ्या. ठराव दिला की पोच घ्या, शिक्का बघा. तोंडी "बघू" ऐकून परत येऊ नका. नाही म्हणायचं असेल तर लिहून द्या म्हणा.

काही भाऊ म्हणतात, आधी सगळ्यांचे पट्टे होऊ द्या, पाण्याचं नंतर. आमचं म्हणणं, दोन्ही एकाच ग्रामसभेत घ्या. तहान पट्ट्याची वाट बघत नाही.

आखाजीच्या आत प्रत्येक गावाचा एक तरी ठराव झाला पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना पोच घेऊन या.

जल, जंगल, जमीन आमचं आहे! जोहार!