सारखे, पण तेच नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाई भाषणाचे आमंत्रण घेऊन आल्या तेव्हा मला वाटले, पापड-लोणच्यांच्या गृहोद्योगावर चार शब्द बोलावे लागतील. त्यांनी विषय काढला तो ‘क्लोनिंग’चा. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळेत बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले, एवढाच माझा अधिकार. तेव्हा चूकभूल पदरात घ्या.

शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या घरची आहे. प्रवरेकाठी ऊस लावताना आपण बी पेरीत नाही. बेण्याची दोन डोळ्यांची टिपरी सरीत दाबतो, आणि तिच्यातून येतो तो मूळ उसाचाच दुसरा अवतार. डाळिंबाची गुटी बांधतो तीही तशीच. एका झाडाची हजार झाडे होतात, गुण तेच आणि दोषही तेच. मग तेल्या आला म्हणजे एकाच बागेवर थांबत नाही. राहाता-संगमनेरकडच्या बायकांना हे मी सांगायला नको. बागा उपटताना त्यांनीच पाहिल्या आहेत.

जनावराचे मात्र टिपरे लावता येत नाही. पूर्ण वाढलेल्या सस्तन जनावराच्या पेशीवरून ते ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये प्रथमच साधले. एका सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी घेतली, दुसऱ्या मेंढीचे बीजांड घेऊन त्यातले केंद्रक काढून टाकले, दोन्ही एकत्र जुळवली आणि तो गर्भ तिसऱ्या मेंढीच्या पोटात वाढवला. काळ्या तोंडाच्या मेंढीला पांढऱ्या तोंडाचे कोकरू झाले. तीच डॉली. तिला आया तीन आणि बाप एकही नाही! वर्तमानपत्रांनी तिचे कौतुक पुष्कळ केले. पण अशा २७७ जुळण्या केल्या, त्यांतून २९ गर्भ मेंढ्यांच्या पोटी ठेवण्याजोगे झाले आणि जगले एक कोकरू, हा हिशेब मथळ्यात कोणी छापला नाही. डॉली २००३ साली फुप्फुसाच्या विकाराने गेली.

आपल्या देशात हे काम हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत झाले. २००९ च्या फेब्रुवारीत तिथे म्हशीचे पहिले रेडकू जन्मले, ते काही दिवसांतच दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये झालेली ‘गरिमा’ दोन वर्षे जगली. २०२३ च्या मार्चमध्ये ‘गंगा’ नावाची गीर कालवड झाली. तिची पेशी गीर गाईची, बीजांड साहिवाल गाईचे आणि पोट संकरित गाईचे.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. भरपूर दूध देणारी गाय म्हातारी झाली, तिच्यासारखीच दुसरी मिळाली, तर गरीब घराचे कल्याणच नाही का? मीही प्रथम तसेच म्हटले होते. गाय विकताना दावणीशी रडणारी बाई मी पाहिली आहे. पण माझे मन दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे वाटेत मेलेली वासरे आणि त्यांना पोटात वागवणाऱ्या गाई. त्यांचे दुःख दुधाच्या हिशेबात कोठेच येत नाही. दुसरे म्हणजे डाळिंबाचाच प्रश्न. उद्या दहा गावांत एकाच गाईच्या प्रती असल्या आणि साथ आली तर? अकोल्याकडची डांगी गाय दूध बेताचेच देते, पण डोंगरातल्या मुसळधार पावसात ती टिकते. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी नाना जातींचे गावठी बियाणे जपले म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. एकाच चांगल्याच्या मागे न लागता अनेक बरे-वाईट सांभाळून ठेवणे, हे शहाणपण मला अधिक जवळचे वाटते. तरीही जनावरांच्या बाबतीत मी अगदी ‘नको’ म्हणत नाही. प्रयोग जपून व्हावा, एवढेच म्हणते.

माणसाच्या बाबतीत मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आपल्याकडे वैद्यकीय संशोधनाच्या नियमांनी मानवाची अशी प्रत जन्माला घालण्यास मनाई आहेच. पण कायदा सोडून द्या. बीजांडे आणायची कोठून? बायकांच्या शरीरातून. त्यासाठी रोज सुया टोचून घ्यायच्या, काहींना त्याचा भयंकर त्रासही होतो. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या संशोधकाने मानवी गर्भाच्या प्रतिकृती केल्याचा गाजावाजा केला. पुढे ते सारे खोटे निघाले आणि २००६ साली त्याचे निबंध रद्द झाले. त्या खोट्यापायी दोन हजारांवर बीजांडे खर्ची पडली होती, आणि देणाऱ्यांत त्याच्याच हाताखाली काम करणाऱ्या मुलीही होत्या. वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणे नोकरीतल्या बाईला किती जड जाते, हे तुम्ही जाणता. डॉलीचा हिशेब माणसाला लावून पाहा. ती २८ अपयशे कोणाच्या कुशीत ठेवणार?

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे. या भाषणाचा विषय फलकावर लागला त्या संध्याकाळी शेजारच्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा तरुण मुलगा गेल्याला तीन वर्षे झाली. चहा घेतला नाही. त्यांनी विचारले, “बाई, त्याचे केस मी डबीत ठेवलेत. त्यावरून होईल का हो?”

पुण्यात २०१८ साली एका आईने गेलेल्या मुलाचे जपून ठेवलेले बीज वापरून जुळी नातवंडे मिळवली, हे त्यांनी ऐकले होते. मी म्हटले, ती नातवंडे आहेत, त्यांच्यात दुसऱ्या बाईचाही अंश आहे. तो मुलगा परत आलेला नाही. आणि प्रत झाली असती तरी ते तान्हे बाळ असते. तुमचा आवाज त्याला नव्याने ओळखावा लागला असता. त्याला गणित आवडले नसते, तर तुम्ही रोज म्हणाला असता, “तो तर गणितात हुशार होता.” आपण आजोबांचे नाव नातवाला ठेवतो, ‘आजोबाच आले’ म्हणतो; पण नाव ठेवून पोराला मोकळे सोडतो. या पोराला मोकळे कोणी सोडले असते?

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्याला भेंडी आवडत नसे. मी जबरदस्तीने खायला घालायची.” आम्ही दोघी हसलो, आणि मग रडलोही. जाताना त्यांनी विचारले, डबी टाकून द्यावी का? मी म्हटले, छे, ठेवा की. आज त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, आणि हे सांगायला त्यांनीच मला परवानगी दिली.