कट्टुमरम, संघटना आणि शासनसंस्था

(किनारपट्टीतील पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



या शिबिराने माझ्यापुढे दोन प्रश्न ठेवले आहेत. पारंपरिक मच्छीमारांची संघटना आपल्या पक्षाच्या झेंड्याखाली उभारावी काय, हा पहिला. शासनाने सल्लागार समितीवर जागा देऊ केली तर ती स्वीकारावी काय, हा दुसरा. माझी हयात वर्गात अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. वल्हे हाती न धरलेल्या माणसाने दर्यावर्द्यांच्या वतीने उपदेश करणे शोभत नाही. म्हणून ज्यांना हेच प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी पडले होते, त्यांची हकिकत सांगतो आणि मग माझे मत मांडतो.

‘कॅटमरान’ हा शब्द आज आपण इंग्रजी समजून वापरतो. तो मूळचा तमिळ आहे. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. चार-पाच ओंडके काथ्याने बांधायचे, वर तिकोनी शीड चढवायचे आणि जिथे धक्का नाही, बंदर नाही, अशा उघड्या किनाऱ्यावरच्या फेसाळ लाटा फोडून बाहेर पडायचे. किनाऱ्यावर परतल्यावर ओंडके सोडून वाळत ठेवायचे. हा शब्द युरोपात गेला आणि तिथे दोन सांगाड्यांच्या शर्यतीच्या नावेला चिकटला. त्या शर्यतींचीही एक गंमत आहे. २००७ साली आंतरराष्ट्रीय नौकानयन महासंघाने २०१२ च्या ऑलिंपिकमधून कॅटमरानची शर्यतच वगळली. त्या नावा हाकणाऱ्या खेळाडूंनी जगभर विरोध केला, तरी निर्णय फिरला नाही. २०१६ मध्ये ती शर्यत परत आली, पण वेगळ्या नावेची. खेळ असो की पोटाचा धंदा, नाव हाकणारा एक आणि नियम करणारा दुसरा, हे अंतर सर्वत्र आढळते. फरक इतकाच की खेळाडूची शर्यत हुकते आणि मच्छीमाराची चूल विझते.

कट्टुमरमवाल्यांची चूल विझण्याची सुरुवात विकासाच्याच नावाने झाली. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी केरळात कोल्लमजवळ इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. उद्देश चांगला होता. मच्छीमाराला सुधारित होडी मिळावी आणि त्याचे जीवनमान उंचवावे. परंतु साठच्या दशकात कोळंबीला परदेशात भाव आला आणि प्रकल्पाचे तोंड फिरले. सुधारित होडीच्या जागी कोळंबीचा ट्रॉलर आला. त्यासाठी लागणारे भांडवल मच्छीमाराकडे नव्हते. ते बाहेरच्या व्यापाऱ्याकडे होते. प्रा. जॉन कुरियन यांनी या स्थित्यंतराचे विश्लेषण केले आहे. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोळंबी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असते. म्हणून ट्रॉलर खोल समुद्रात गेला नाही, तो कट्टुमरमच्याच पाण्यात शिरला. त्याचे जाळे तळ खरवडते, पिल्ले गोळा करते आणि वाटेत आलेली लहान मच्छीमारांची जाळी फाडते. मासा संपला तर भांडवल दुसऱ्या धंद्यात जाईल. कट्टुमरमवाल्याला दुसरा धंदा नाही आणि दुसरा समुद्रही नाही. हा संघर्ष ‘यंत्र विरुद्ध परंपरा’ असा रंगवला गेला. तो खोटा रंग होता. खरा प्रश्न सामाईक संपत्तीवर अधिकार कोणाचा, हा होता.

या अन्यायातून संघटना दोन अंगांनी उभी राहिली. पहिले अंग सहकाराचे. तिरुवनंतपुरमजवळच्या मरियनाड गावात मच्छीमारांनी किनाऱ्यावरचा लिलाव स्वतःच्या हाती घेतला. तोपर्यंत आगाऊ उचल देणारा दलाल भाव ठरवीत असे. उधारी फिटू नये यातच त्याचा फायदा होता. लिलाव संघाकडे आला तेव्हा कर्जाचा हप्ता, बचत आणि संघाचा खर्च विक्रीतूनच कापला जाऊ लागला. अशा गावोगावच्या संघांतून १९८० मध्ये दक्षिण भारतीय मच्छीमार संघांचा महासंघ झाला. दुसरे अंग लढ्याचे. गोव्यात ‘गोंयच्या रांपणकारांचो एकवोट’ रांपणीच्या जाळ्यासाठी लढला. माथानी साल्ढाणा त्याचे नेते होते. १९७८ मध्ये निरनिराळ्या राज्यांतील संघटनांनी राष्ट्रीय मंच स्थापला. त्याच्या मूळ नावातच ‘कॅटमरान आणि देशी होड्यांवरील मच्छीमारांचे हक्क’ हे शब्द होते. आजचा नॅशनल फिशवर्कर्स फोरम तो हाच.

आता शासनाशी संबंधांकडे वळू. केंद्राने १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमली आणि तिच्या कामातून नमुना कायदा तयार झाला. बारा सागरी मैलांच्या आतील मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. म्हणून केरळ आणि गोव्यात १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली आणि तमिळनाडूत १९८३ साली कायदे झाले. हा आंदोलनाचा विजय होता, यात शंका नाही. परंतु कायदा झाला म्हणजे पाणी मोकळे झाले असे घडले नाही. केरळात पावसाळी ट्रॉलबंदीची मागणी होताच समिती नेमली गेली. तिच्यामागून दुसरी समिती आली. समित्या बसत राहिल्या, ट्रॉलर फिरत राहिले. प्रत्यक्ष बंदी १९८८ च्या पावसाळ्यात आली. किनारी पाण्यातील पर्ससीनबंदीवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १९९३ साल उजाडले.

याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. १९९१ च्या नव्या धोरणाने खोल समुद्र परदेशी कंपन्यांच्या भागीदारीला खुला केला. १९९४ मध्ये देशभर मासेमारी बंद ठेवण्यात आली. १९९५ मध्ये मुरारी समिती नेमली गेली आणि थॉमस कोचेरी यांनी पोरबंदरला उपोषण केले. या दबावामुळे मच्छीमारांच्या प्रतिनिधींना समितीत स्थान द्यावे लागले. १९९६ च्या अहवालाने परवाने रद्द करण्याची शिफारस केली. समिती तीच शासकीय, टेबल तेच, कागद तेच. फरक एवढाच की प्रतिनिधीच्या पाठीमागे बंद पडलेले बंदर उभे होते. तथापि हा विजयही कायमचा ठरला नाही. २०१४ मध्ये मीनाकुमारी समितीच्या अहवालावरून तोच वाद पुन्हा उभा राहिला.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: जागा घ्यावी, पण ती मागून मिळालेली नसावी आणि व्यक्तीची नसावी. प्रतिनिधी संघटनेने निवडावा आणि संघटनेला त्याला परत बोलावता यावे. बैठकीचा विषय आधी किनाऱ्यावर चर्चिला जावा आणि बैठकीचे इतिवृत्त नंतर किनाऱ्यावर वाचले जावे, तेही मालवणीत, कोकणीत, लोकांना कळेल अशा बोलीत. आंदोलन मागे घेणे ही जागेची किंमत असेल, तर ती जागा नाकारावी.

पहिल्या प्रश्नावरचे माझे मत आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही. पक्षाच्या झेंड्याखाली संघटना काढू नये. केरळात ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान असे तिन्ही समाज दर्यावर जातात आणि प्रत्येक पक्षाची आपली मच्छीमार शाखा असते. एकाच होडीवरचे खलाशी किनाऱ्यावर चार झेंड्यांत वाटले गेले की दलाल निर्धास्त होतो. तिथल्या लढाऊ संघटनेने आपल्या नावात ‘स्वतंत्र’ हा शब्द मुद्दाम घातला, तो यासाठीच. आपण समाजवादी आहोत याचा अर्थ संघटना आपल्या मालकीची असावी असा नाही. कष्टकऱ्याने आपले निर्णय स्वतः घ्यावेत, हाच समाजवाद असेल तर तो आपल्यालाही लागू आहे. कार्यकर्त्याने हिशेब लिहावा, कायदा समजावून सांगावा, तुरुंगात जायची वेळ आली तर पुढे असावे. अध्यक्षपदाच्या खुर्चीपासून मात्र दूर राहावे.

एक कटू गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ऐंशीच्या दशकात कट्टुमरमवर इंजिन आले, शीड उतरले आणि केरोसिनचे कर्ज चढले. काही काळाने ट्रॉलरविरुद्ध लढलेल्यांपैकीच काहींनी मोठ्या रिंगसीनचे भांडवल उभे केले. आपल्या कोकणातही काय वेगळे आहे? राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ मध्ये प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. तरीही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. ती सारी परक्यांचीच आहे, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो काय? त्या नौकांवरील काही मालक आपल्याच वाड्यांतले आहेत आणि निवडणुकीत ते आपल्याला वर्गणीही देतात.

तेव्हा ‘पारंपरिक’ हा शब्द जातीने किंवा गावाने ठरवू नका. जो स्वतः दर्यावर जातो, ज्याच्या जाळ्याने उद्याचा मासा मरत नाही, तो आणि त्याने आणलेली मासळी डोक्यावर घेऊन बाजारात बसणारी स्त्री, हे सभासद. तिरुवनंतपुरमच्या मासळीविक्रेत्या स्त्रियांना बसमध्ये चढू दिले जात नव्हते. त्यांनी लढून स्वतंत्र बसगाड्या मिळवल्या. आपल्याकडच्या किती मच्छीमार संस्थांत अशी स्त्री मतदार आहे, याची नोंद घरी गेल्यावर प्रत्येकाने करावी.

साथींनो, वर्गणीदार मालकाला दुखवायचे की खलाशाला, हा निर्णय उद्या सकाळी ठरावाच्या रूपाने आपल्यापुढे येणार आहे. हात वर करण्यापूर्वी एवढे आठवा की ओंडके एकत्र राहतात ते बांधलेल्या काथ्यामुळे, वर लावलेल्या झेंड्यामुळे नव्हे. मी माझे मत सांगितले. ते पटले नाही तर उद्या मोकळेपणाने खोडून काढा.