मोसंबीच्या कोवळ्या कलमांची साल सांभाळा

जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या भागांत ज्यांनी मोसंबीची नवी बाग लावली आहे, त्यांच्यासाठी आज चार गोष्टी सांगतो.

रब्बीची काढणी झाली की शिवार उघडे पडते. मग हिरवे म्हणून काय उरते? तुमचे कलम. 2012-13 च्या दुष्काळात आपल्याकडे टँकरच्या पाण्यावर बागा जगवल्या. असे जपलेले झाड सशाने एका रात्रीत सोलावे, हे कुणाला सोसेल?

आधी चोर ओळखा. ससा जमिनीपासून हात-दीड हातापर्यंत बारीक दातांनी साल कुरतडतो. कोवळी फांदी चाकूने तिरपी कापल्यासारखी दिसते. साळिंदर बुडाशी खरवडते, दातांच्या रुंद खाचा पडतात. रोही शिंगे घासतो, तेव्हा कमरेच्या उंचीवर सालीच्या चिंध्या लोंबतात. आणि एक सांगू का, रागावू नका. सशाच्या नावावर पुष्कळदा गावातली शेळीच खाऊन जाते!

सशासाठी बारीक छिद्रांची जाळी घ्या. खोडापासून चार बोटे दूर, दोन फूट उंच गोल उभा करा आणि बूड वीतभर मातीत गाडा. आळ्याभोवतीचे गवत काढा, त्यातच ससा दडतो. रोह्यासाठी मात्र बागेभोवती उंच, दाट काटेरी कुंपणच हवे. जुन्या साड्या बांधतात, त्याने थोडे दिवस भागते, पण जनावर सरावते. खोडाला गोणपाट गुंडाळू नका. पावसाळ्यात ते ओले राहते, आत डिंक्या आणि वाळवी शिरते. कुंपणात वीज तर मुळीच सोडू नका. त्यात माणूस मरतो, आणि तो गुन्हाही आहे. फासे लावणेही कायद्यात बसत नाही.

साल गेलीच तर त्याच दिवशी धारदार चाकूने फाटक्या कडा साफ करा आणि बोर्डो मलम लावा. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, मग एकत्र करा. त्यात लोखंडी विळा बुडवून पाहा. पात्यावर तांबडा थर चढला तर आणखी चुना हवा. मलम त्याच दिवशी वापरा.

साल चहूबाजूंनी गेली असेल तर पाने हिरवी आहेत म्हणून फसू नका. लाकडातून पाणी वर चढत असते, पण पानांनी केलेले अन्न सालीतून मुळांकडे उतरते. ती वाटच तुटल्यावर मुळे उपाशी मरतात. आता डोळा भरलेली जागा पाहा. जखम तिच्या वर असेल तर जखमेच्या खाली, पण डोळ्याच्या वर, खोड छाटा. मोसंबीचा फुटवा येईल. जोमदार एक ठेवा. जखम डोळ्यावर किंवा त्याखाली असेल तर जो फुटेल तो खुंट, म्हणजे रंगपूर लिंबू नाही तर जंबेरी. तो वाढवत बसलात तर चार-पाच वर्षांनी हाती आंबट फळ येते. ते कलम काढून नवे लावा.

वन विभागाची भरपाई ठराविक जनावरांनी केलेल्या नुकसानीलाच मिळते. तेव्हा मलम लावण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत झाड उपटू नका.